मैनाबाईने पुसलेला तळ

माझ्या अख्ख्या नोकरीत मला एकच टोपणनाव मिळालं, आणि तेही एका बाईने दिलं. झिंगे साहेब. तलावातला झिंगा कसा वाळका, पाठीत वाकलेला आणि बोट लावलं की टुणकन उडणारा, तसा मी, असं मासे धरणाऱ्या मैनाबाई ढिवरीणीचं म्हणणं होतं. आधी मी चिडलो. मग गावच्या पाटलांच्या घरच्या आरशात स्वतःला नीट पाहिलं आणि राग गिळून टाकला. बाईची नजर चुकत नसे.

साल पंचावन्न. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि आमची राजधानी नागपूर. दिवाळीच्या तोंडावर पूर्वेच्या समुद्रावरून एक वादळ आत घुसलं. कुठे समुद्र आणि कुठे गराडमाल! सिंदेवाहीहून बैलगाडीने अर्धा दिवस आत, चहूकडे सागाचं आणि बांबूचं रान, गावातल्या एकाही माणसाने समुद्र पाहिलेला नाही. पण त्या समुद्राचा वारा दोन दिवस गावात धिंगाणा घालून गेला. कवेलू उडाली, गवताची छपरं तर कोणाची कुठे गेली ते शोधायलाही कोणी गेलं नाही. शंभर वर्षांची मोहाची झाडं मुळासकट आडवी झाली. आणि पावसाने तुडुंब झालेल्या तलावाची पाळ सांडव्याजवळ फुटली. कापणीला आलेलं धान पाण्याखाली गेलं, आणि पाणी ओसरलं तेव्हा त्यावर हातभर रेती बसली होती. माणूस एकही गेला नाही. बैल, गाई, बकऱ्या मात्र गेल्या.

सरकारवर मी पुढे तीस वर्षं चडफडत आलो, पण जे खरं आहे ते सांगितलं पाहिजे. त्या वर्षी सरकार आलं. उशिरा आलं, ब्लँकेटं आखूड आणली, तांदळात खडे होते, पण आलं. घरांसाठी जंगलातून बांबू आणि बल्ल्या फुकट मिळाल्या. पौष महिन्यात राहतकाम निघालं: गावानेच पाळ बांधायची आणि मजुरीचा मोठा भाग धान्यात घ्यायचा. त्या कामाचं मोजमाप करायला मला धाडलं. मी चोवीस वर्षांचा, यवतमाळकडच्या कोरड्या गावचा. पाणी म्हटलं की मला विहीर आठवायची, आणि पोहणं म्हटलं की घाम फुटायचा.

गावात पाय ठेवल्यापासून मैनाबाईचं नाव कानावर पडत होतं. ती दिसण्याआधी तिचा आवाज आला. पाळीच्या या टोकाला मी उभा, त्या टोकावरून कोणी तरी वारलू नावाच्या गड्याच्या सात पिढ्यांचा आळस मोजून दाखवत होतं, आणि एकेक शब्द मला स्वच्छ ऐकू येत होता. मग ती आली. पन्नाशीची, उंच, काळीसावळी, डोक्यावर मातीचं टोपलं आणि दोन्ही हात मोकळे. त्या मोकळ्या हातांनी ती जाळं विणत होती. दोऱ्याचा गुंडा कमरेला, बांबूची सुई बोटांत. टोपलं रिकामं करायला थांबायची तेवढीच सुई थांबायची. मी तिला चालताना विणत नसलेली फार क्वचित पाहिली.

"तुमीच का जी मोजणारे?" तिने विचारलं.

"हो."

"पोट भरते का तुमचं? का मोजून मोजूनच जेवता?"

बाया खो खो हसल्या. मी वहीत डोकं घातलं. दुसऱ्या दिवशी माझ्या राहुटीत झिंग्याची चटणी आली. धाडणारीने नाव सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरजही नव्हती.

वादळानंतर या बाईने काय केलं होतं ते मला बापूजींनी सांगितलं. बापूजी म्हणजे गावचे पाटील, सत्तरीचे, धानाचे शेतकरी, थोडकं बोलणारे. पाळ फुटली तेव्हा तलावातली सगळी मासळी लोकांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, शिरली. लोकांच्या घरावर छप्पर नव्हतं, शेतात पीक नव्हतं, पण बांधीत हात घातला की मासा. आठ दिवस अख्खं गाव मासे खाऊन राहिलं. त्या आठ दिवसांत मैनाबाई आणि तिचा मुलगा इसरू चिखल तुडवत बांधी-बांधी फिरले आणि मरळीच्या जोड्या शोधून, ओल्या गवतात गुंडाळून, देवळामागच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, नेऊन सोडल्या. मरळ आपल्या पिलांवर पहारा देते, जोडी टिकली तर तलाव पुन्हा भरतो. अशा एकोणीस जोड्या बोडीत होत्या. गावात उपास पडले, पण बोडीत कोणी हात घातला नाही.

"काऊन नाई घातला?" मी त्यांच्याच बोलीत विचारायचा प्रयत्न केला.

"मैना बसून राहे नं तिथी," बापूजी म्हणाले. "तिच्यासमोर कोण हात घालते?"

आता मोजमापाचं सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्याचीच आहे. पाळीला लागणारी माती तलावाच्या कोरड्या पडलेल्या तळातून खणायची. खणायची ती चौकड्या पाडून. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, फूटभर खोल असा चौकोनी खड्डा म्हणजे एक चौकडी. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता तसाच सोडायचा, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती ते कळतं आणि कोणाला लबाडी करता येत नाही. दर पंधरवड्याला मी चौकड्या मोजायच्या, आकडा सिंदेवाहीला कळवायचा, आणि तिथल्या गोदामातून तेवढं धान्य सुटायचं. खड्डे नाहीत तर आकडा नाही, आणि आकडा नाही तर गावाच्या चुली थंड. हे मी सगळ्यांना पहिल्याच दिवशी समजावलं होतं. निदान माझी तशी समजूत होती.

मैनाबाईला या खड्ड्यांचं वावडं होतं. रोज टोपलं उचलताना ती माझ्यापाशी थांबायची.

"साहेब, हे खड्डे बुजवाचे आहेत नं?"

"हो बाई."

"पाणी यायच्या आधी?"

"हो हो. बुजवू."

माझ्या मनात बुजवायचं कधीच नव्हतं. सरकारी कामात खणायला पैसा असतो, बुजवायला नसतो, आणि तलावातला खड्डा तर पाण्याखाली जाणार, तो कोणाला दिसतो? पण नाही म्हटलं की ही बाई अर्धा तास बोलणार, म्हणून मी हो म्हणायचो. कारकुनाचा हो फार स्वस्त असतो. त्याने समोरचा माणूस पुढे सरकतो, एवढाच त्याचा उपयोग. ती मात्र प्रत्येक वेळी मान हलवून, समाधानाने पुढे जायची. तिच्या हिशेबी एकदा हो म्हटलं की काम झालंच.

चैत्र गेला. पाळ पुरुषभर उंच आली. फुटलेल्या तोंडाशी आता फक्त एका गाडीची वाट उरली होती. मृग लागायला जेमतेम महिना होता. तेवढ्यात ते तोंड बुजलं पाहिजे होतं, नाही तर पहिल्या मोठ्या पाण्याने आमची चार महिन्यांची माती पुन्हा लोकांच्या धानाच्या बांध्यांत जाऊन बसली असती.

अखाती आली. अक्षय तृतीयेला तिकडे अखातीच म्हणतात. कामाला दोन दिवस सुट्टी दिली आणि मी सिंदेवाहीला एका मास्तरमित्राकडे पुरणपोळी खायला गेलो. त्या पंधरवड्याच्या बहात्तर चौकड्या मोजायच्या राहिल्या होत्या. परत आल्यावर मोजू म्हटलं. खड्डे काय पळून जातात?

तिसऱ्या दिवशी दुपारी बैलगाडी पाळीशी थांबली आणि मी खाली पाहिलं. तलावाचा तळ सारवलेल्या अंगणासारखा पसरला होता. एक चौकडी नाही, एक खुंट नाही. या काठापासून त्या काठापर्यंत सगळं सपाट, हाताने थोपटून थोपटून केलेलं. आणि वादळात पडलेल्या मोहाच्या खोडावर चाळीसेक बाया ओळीने बसल्या होत्या, माझ्या तोंडाकडे पाहत, शाबासकीची वाट बघत. मधोमध मैनाबाई. हातात सुई.

"कसा दिसते साहेब?" तिने विचारलं.

मी काय काय बोललो ते आता लिहायची लाज वाटते. गावंढळ म्हटलं, चोर म्हटलं, सरकारची फसवणूक म्हटलं. वही पाळीवर आपटली. पंधरा दिवसांचं धान्य बुडालं, आता माती खा, असंही म्हटलं. मैनाबाईची सुई थांबली. तिच्या डोक्यावर टोपलं नव्हतं आणि तरी सुई थांबलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"पन तुमी हो म्हटलं होतं नं जी," ती हळूच म्हणाली.

मी राहुटीत जाऊन बसलो. बाहेर वारलूचा आवाज येत होता. पंधरा दिवस आम्ही कायले मेलो, असं तो ओरडून ओरडून विचारत होता, आणि त्याचं चूक नव्हतं. त्याच्या घरी पाच तोंडं होती. कोणी त्याला गप्प केलं नाही. पण कोणी मैनाबाईला बोललंही नाही.

थोड्या वेळाने बापूजी आत आले. जमिनीवर बसले, पानाचा डबा काढला, एक पान माझ्यापुढे केलं. मी घेतलं नाही. त्यांनी ते स्वतःच खाल्लं आणि मग बोलले.

तलाव पुसायची रीत जुनी, असं ते म्हणाले. दर अखातीला ढिवरांच्या बाया काठाकाठाने कोरडा पडलेला तळ साफ करतात. दगड, खुंट, काटेरी फांद्या काढतात, खाचखळगे भरतात. कारण पाणी आलं की सात-आठ गडी छातीभर पाण्यात एका ओळीत जाळं ओढत चालतात. हात जाळ्यात गुंतलेले. खाली काय आहे ते पायालाच कळायचं. पाय फसला तर सावरायला हात मोकळा नसतो.

"गाव अन् तलाव मालगुजाराचे होते तवा, चौदा वर्साखाली भल्ला उन्हाळा पडला," बापूजी म्हणाले. "तलाव पुरा आटला. एक विटाभट्टीवाला बाहेरून आला. मालगुजाराले पैसे देल्ले अन् तलावाच्या मधातून माती नेली. दोन पुरुस खोल खड्डा केला गा त्यानं. अन् गेला निघून. पाणी आलं. मैनाचा माणूस, नथ्थू, जाळ्याच्या मधात होता. गेला खड्ड्यात. जाळ्याचे वजनाचे मणी पायाले गुंडाळले."

बापूजींनी डब्याचं झाकण लावलं.

"बाकीच्याईनं जाळं ओढलं. त्याईले वाटलं मोठा मासा आहे."

बापूजींनी पान एका गालातून दुसऱ्या गालात केलं.

त्यानंतर चौदा वर्षांत तलाव पुन्हा पुरता आटलाच नाही, त्यामुळे तो खड्डा कोणाला बुजवता आला नाही. मधली ती जागा सोडून ढिवर जाळं वळवून न्यायचे. आता इसरूही त्याच ओळीत चालू लागला होता, बापाच्या जागी. वादळाने पाळ फोडली, गावाचं वाटोळं केलं, पण तळ उघडा पडला. तो खड्डा मैनाबाईने चौदा वर्षांनी डोळ्यांनी पाहिला, आणि त्याच्या भोवती मी आधीच्या मोजलेल्या खड्ड्यांत बहात्तर नव्यांची भर घातली होती. अखातीच्या दिवशी चाळीस बायांनी चौकड्यांमधले बांध आणि माझे ते मातीचे खुंट कापून सगळी माती त्या मोठ्या खड्ड्यात नेऊन टाकली. वरून तुडवली. दुसऱ्या दिवशी उरलेलं सपाट केलं.

"तिनं तुमाले रोज इचारलं होतं म्हणते," बापूजी उठताना म्हणाले.

विचारलं होतं. मी रोज हो म्हटलं होतं. राहुटीत बसून मला त्या प्रत्येक होची आठवण यायला लागली. काही तर मी वर न पाहताच दिले होते. मला स्वतःची अशी लाज त्याआधी वाटली नव्हती, आणि खरं सांगायचं तर नंतरही फारशी वाटली नाही.

सकाळी राहुटीबाहेर पाय वाजले. बघतो तर मैनाबाई खांद्यावर कुदळ घेऊन उभी. मागे इसरू, मैनाबाईची शेजारीण वच्छला, इतर बाया, गडी, आणि सगळ्यांच्या मागे तोंड फुगवून वारलूसुद्धा. त्याच्याही हातात कुदळ होती.

"सांगा साहेब," ती म्हणाली. "कुठी कुठी होते खड्डे? परत खणून देतो."

"परत?"

"हो. तुमी मोजा. मंग आमी बुजवून टाकतो."

ती गंमत करत नव्हती. बहात्तर खड्डे, केवळ मला मोजता यावेत म्हणून, वैशाखाच्या उन्हात, फुकट खणायला अख्खं गाव तयार होतं. मला हसू आलं. मग ते आवरेना. मी हसतोय हे बघून मैनाबाई हसली आणि मग वच्छला, आणि शेवटी वारलूच्याही तोंडाचा फुगा फुटला. चार महिन्यांत त्या लोकांनी मला हसताना पाहिलं नव्हतं.

"एक खड्डा खणायचा नाही," मी म्हणालो. "त्यापेक्षा पाळीचं तोंड बुजवायला लागा. धान्याचं मी बघतो."

"बघतो" म्हटलं खरं, पण कसं ते मला ठाऊक नव्हतं. दुपारी डोकं शांत झाल्यावर सुचलं. माती खड्ड्यातून निघाली ती पाळीवरच गेली ना? मग खड्डा न मोजता पाळ मोजायची. मागच्या पंधरवड्याला पाळ कुठवर होती त्याचे आकडे माझ्याकडे होते. भरावाची माती भुसभुशीत असते म्हणून थोडी वजावट धरायची. पण तसं मोजायला वरच्या साहेबांची परवानगी लागते, आणि ती मागायची तर खड्डे कोणी आणि का बुजवले ते लिहायला हवं. मी लिहिलं: माझ्या सांगण्यावरून. एवढं एक वाक्य लिहायला मला तासभर लागला. त्यात खोटं काहीच नव्हतं, तरी.

आठव्या दिवशी चांद्याहून साहेब आले. धिप्पाड, घामाने भिजलेले, रस्त्यावर आधीच वैतागलेले. तळ पाहून त्यांनी टोपी काढली.

"कोणाच्या हुकमाने?"

"माझ्या," मी म्हणालो.

मैनाबाई टोपलं घेऊन बाजूनेच चालली होती. बोलावल्याशिवाय बोलायचं नाही ही शिकवण तिला कोणी दिलेली नसावी.

"खरी गोस्ट आहे जी," ती थांबून म्हणाली. "त्याईनं रोज हो म्हटलं. मी बहुत खेपा इचारलं. कोनी नाई म्हणे, पन हे हो म्हणत. मानूस चांगला आहे, फक्त खात नाई."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या मिशीखाली काही तरी हललं. मग त्यांनी दोरी मागवली. अख्ख्या गावाने दोरी धरली आणि संध्याकाळपर्यंत पाळ मोजून झाली. मैनाबाईच्या त्या बोलण्याने धान्य सुटलं, की साहेबांना लवकर घरी जायचं होतं म्हणून सुटलं, ते मला आजही सांगता येणार नाही. मला लेखी ठपका मिळाला. धान्य चौथ्या दिवशी आलं, थोडं कमी. जे कमी पडलं ते आपल्या घरच्या वाट्यातून कापा, असा मैनाबाईने हट्ट धरला. बापूजींनी तो ऐकल्यासारखंही केलं नाही. सगळ्यांना सारखं वाटून टाकलं, आणि वारलूने पहिलं मापटं उचलून तिच्याच पदरात ओतलं. वर तिला म्हणाला, "आता तरी गप बैस."

ती गप्प बसली नाही. पाळीचं तोंड मृगाच्या चार दिवस आधी बुजलं. शेवटचं टोपलं कोणी टाकायचं यावर तिने आणि बापूजींनी तासभर वाद घातला, आणि शेवटी दोघांनी मिळून ते माझ्या डोक्यावर ठेवलं. मी वाकलो, डगमगलो, टाकलं. पहिला मोठा पाऊस आला तेव्हा गाव पाळीवर उभं होतं. पाणी चढलं, सांडव्यावरून शिस्तीत निघून गेलं, आणि पाळ जागची हलली नाही. बोडीतल्या मरळी मैनाबाईने हाताने उचलून तलावात सोडल्या. सोडताना प्रत्येक जोडीला काही तरी बोलत होती. मी विचारलं तर म्हणाली, "मायलेकराचं बोलणं आहे, तुमाले कायले पाह्यजे?"

माझी बदली आश्विनात झाली. वादळाला वर्ष होत आलं होतं. नवं धान पोटरीत होतं, घरांवर नवी कवेलू चढली होती, आणि जिल्हा मुंबई राज्यात जाणार अशी बोलणी चालली होती. मी निरोप घ्यायला गराडमालला गेलो. त्याच सकाळी तलावात वर्षातलं पहिलं मोठं जाळं पडणार होतं. मी पाळीवर पिशवी ठेवली आणि लोकांना भेटत होतो, तेवढ्यात मैनाबाई लुगड्याचा ओचा खोचून समोर उभी राहिली.

"साहेब, तुमी पाळ मोजली. तळ कुठी मोजला?"

"तळ आता पाण्याखाली गेला, बाई."

"मंग चला नं."

"मला पोहता येत नाही."

"पोहाचं कोनाले आहे? चालाचं आहे."

तिने माझा हात धरला. माझ्या आईनंतर माझा हात असा कोणी धरला नव्हता. सुटायची सोयच नव्हती. मी धोतर वर घेतलं आणि पाण्यात उतरलो. गुडघा, कंबर, मग छाती. पाणी थंड होतं आणि माझे दात वाजत होते, ते थंडीने नव्हे. ती माझ्यापुढे अर्धं पाऊल, जाळ्याच्या वाटेतून, काठ मागे टाकत चालली होती.

"पाय काऊन उचलून राह्यले? घासत चला. घासत."

मी पाय घासत चाललो. खाली गार, घट्ट, गुळगुळीत माती. कुठे दगड नाही, खुंट नाही. शंभर पावलं झाली, दीडशे झाली. माझी छाती हळूहळू मोकळी झाली. जिथे माझ्या बहात्तर चौकड्या होत्या तिथून आम्ही चाललो असणार, पण माझ्या पायाला एकही सापडली नाही.

तलावाच्या मधोमध ती थांबली.

"इथी," ती म्हणाली.

मला कळलं. पुढे काही विचारावं लागलं नाही.

"दोनी पाय टेकवा. नीट."

मी टेकवले. सगळा भार टाकला. माती हलली नाही.

"लागला तळ?"

"लागला."

"घट्ट आहे?"

"घट्ट आहे, मैनाबाई."

तिने मान हलवली नाही. ती माझ्या मागे पाहत होती. जाळ्याची ओळ आमच्याकडे येत होती, सात गडी, छातीभर पाण्यात, हात जाळ्यात. मधोमध इसरू. चौदा वर्षं ढिवरांचं जाळं या जागेपासून वळत आलं होतं. आज ते वळलं नाही. आम्ही दोन पावलं बाजूला सरलो. इसरू आईकडे बघून हसला आणि त्या जागेवरून सरळ चालत पुढे गेला. पाणी त्याच्या छातीइतकंच राहिलं. तो पार पलीकडे जाईपर्यंत तिने माझा हात इतका घट्ट दाबून ठेवला होता की बोटं बधीर झाली. मग एकदम सोडला, पदराने तोंड पुसलं आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे अख्ख्या तलावाला ऐकू जाईल असं, म्हणाली:

"झालं. आता लिवा तुमच्या वहीत."

वही पाळीवर पिशवीत होती. आणि ती हातात असती तरी असल्या नोंदीला तिच्यात रकाना नव्हता. मी दुसऱ्या दिवशी निघून गेलो, पुढे पुष्कळ पाळी मोजल्या, पुष्कळ वह्या भरल्या. ही एक नोंद तेवढी राहून गेली होती. ती आता करतो: गराडमालचा तलाव, तळ पायाने चालून मोजला, मध्यभागासह कुठेही खड्डा नाही.